अनाथ नायिकेची आई

आमच्या शेजारच्या मावशी कोण होत्या हे मला कळलं ते ह्यूस्टनच्या एका म्युझियममधल्या सिनेमाच्या हॉलमध्ये. घरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या ड्राइव्हवर. आणि तिथे त्या विशीतल्या होत्या.

मावशी जपानी. ह्यूस्टनजवळ शुगर लँडला आम्ही घर घेतलं तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. कुंपणापलीकडे भाजीच्या वाफ्यात वाकलेल्या त्या बाईंना काय म्हणायचं, असं तिनं मला विचारलं. मी सवयीनं म्हणाले, मावशी म्हण. मुलीनं लगेच जाऊन त्यांना इंग्रजीत अर्थही सांगून टाकला, आईची बहीण. त्या म्हणाल्या, चालेल. तेव्हापासून आमच्या घरात त्या मावशीच. माझा नवरासुद्धा, जो त्यांच्याशी गवत कापायच्या मशीनपलीकडे कधी काही बोलला नाही, तोही मावशीच म्हणतो.

त्यांचे यजमान अमेरिकन, तेल कंपनीत इंजिनियर होते. आम्ही यायच्या आधीच ते गेले होते. मूलबाळ नाही. आता मावशींनी पंच्याऐंशी ओलांडलीय, पण पाठ ताठ. कुंपणावर त्यांनी कारल्याचा वेल चढवलेला असतो. आमच्या कॉलनीच्या असोसिएशनला तो खुपतो, दर उन्हाळ्यात नोटीस येते, मावशी वेल आतल्या बाजूला ओढून घेतात आणि महिन्याभरात तो परत बाहेर डोकावतो. त्यांची कारली माझ्याकडे चिंच-गूळ घालून शिजतात, त्या स्वतः ती अंड्याबरोबर परततात. एवढ्या वर्षांत आमचं बोलणं व्हायचं ते असंच, उन्हाचं, गुडघ्यांचं, कारल्यांचं. मी मूळची मिरजेची, त्यामुळे स्वयंपाक करताना गुणगुणायची मला खोड आहे. मावशी कुंपणाशी थांबून ऐकायच्या. त्यांच्या तोंडून मात्र मी एकदाही सूर ऐकला नव्हता. मला वाटायचं, नसेल त्यांना गाण्याचं अंग.

गेल्या उन्हाळ्यात मुलगी ऑस्टिनहून कॉलेजच्या सुट्टीला आली होती. बाहेर असं दमट ऊन की दार उघडलं तरी चष्म्यावर वाफ धरावी. रविवारी दुपारी ती म्हणाली, म्युझियममध्ये जुने जपानी सिनेमे लावलेत, एसीत बसू, चल. माझी काही हरकत नव्हती.

हॉल अर्धाच भरला होता. सुरुवातीला म्युझियमचा एक तरुण अभ्यासक पुढे आला आणि नायिकेबद्दल पाच-दहा मिनिटं बोलला. युद्धानंतरच्या जपानमधली फार मोठी गायिका-अभिनेत्री, म्हणाला. लहानपणी अमेरिकन सैनिकांच्या क्लबमध्ये गायची. पंधराव्या वर्षी पहिली रेकॉर्ड, सोळाव्या वर्षी सिनेमा, आणि मग सात वर्षं तिनं वर्षाला सहा-सहा, सात-सात सिनेमे केले. सगळी गाणी स्वतःच्या आवाजात. लोक तिच्यावर वेडे होते, कारण तिची कहाणी म्हणजे त्यांच्या देशाचीच कहाणी होती. बाप समुद्रावर लढाईत गेला, आई बॉम्बहल्ल्यात गेली, आणि त्याच हल्ल्याची खूण तिच्या डाव्या भुवईवर होती. भुवई मधोमध तुटलेली. स्टुडिओनं ती खूण कधी मेकअपखाली झाकू दिली नाही. मग ऐन भरात असताना ती एकाएकी नाहीशी झाली. कुणी म्हणतं मठात गेली, कुणी म्हणतं वारली. नक्की कुणालाच माहीत नाही.

दिवे मालवले. पडद्यावर पावसात भिजलेलं एक रेल्वे स्टेशन आलं, आणि छत्री मिटत एक मुलगी कॅमेऱ्याकडे वळली. हसायच्या आधी तिनं एक डोळा बारीक केला, उन्हाकडे बघावं तसा.

तो डोळा असा बारीक होताना मी चौदा वर्षं बघत आले होते. मग मी भुवई बघितली. तुटलेली, मधोमध. मावशींच्या भुवईवरचा तोच व्रण. लहानपणी खोक्यावरून पडले, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मुलीनं माझं मनगट घट्ट पकडलं.

"आई," ती कुजबुजली, "दॅट्स मावशी."

मी मान हलवली असेन, आठवत नाही. पडद्यावरची मुलगी गायला लागली होती. आवाज तापलेल्या दुधासारखा, वर साय धरलेला, आणि मधेच एखादा स्वर असा तुटायचा की वाटावं आता ही थांबणार. थांबत नव्हती. घराण्यांबिराण्यांचं मला फारसं कळत नाही, पण मिरजेत वाढलेल्या माणसाला खरा गळा कळतो. मी तिथे बसून रडायला हवं होतं, किंवा आनंद व्हायला हवा होता. दोन्हीतलं काहीच झालं नाही. सिनेमाची गोष्ट काय होती हेही मला नीटसं सांगता येणार नाही. दीड तास मी फक्त त्यांच्याकडे बघत होते.

परत येताना मुलगी फोनवर शोधत राहिली. मावशींच्या तरुणपणीचे फोटो निघत होते, रेकॉर्डची कव्हरं निघत होती. माझं लक्ष रस्त्यावर नव्हतं. आपण ज्यांना कारल्याच्या बिया देतो, ज्यांचं ब्लडप्रेशर मोजून देतो, त्यांच्याबद्दल आपल्याला काडीइतकंही माहीत नाही, याचा मला धक्का बसला होता, आणि थोडा रागही आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्या ओट्यापाशी भेंड्या पुसत होत्या. सरळ विचारायचं असं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच की काल आम्ही म्युझियममध्ये एक जपानी सिनेमा बघितला. मी सिनेमाचं नाव सांगितलं.

मावशींनी फडकं खाली ठेवलं. हात पुसले. मला वाटलं, आता नाकारतील. पण त्या नाकारण्याच्या वाटेला गेल्याच नाहीत. इंग्रजीतच, नेहमीच्या सावकाश आवाजात त्यांनी विचारलं, "त्यात बाजारातलं गाणं आहे. तिथे टोफू विकणारी एक बाई दिसते का? की कापलंय ते?"

मला बाजारातलं गाणं आठवत होतं. टोपल्या, माणसं, मावशींचा चेहरा, त्यांचा आवाज. टोफूवाली मला आठवत नव्हती. मी तसं सांगितलं. मुलीला फोन करून विचारलं. तिलाही काही सांगता येईना, म्हणाली, कुणीतरी होतं, बट आय वॉज लुकिंग अ‍ॅट हर.

"अर्थात," मावशी म्हणाल्या. "सगळे माझ्याकडेच बघायचे. तशीच योजना होती."

मग त्यांनी चहा टाकला आणि बोलायला बसल्या. मी त्या दिवशी कामावर गेले नाही, आजारी असल्याचं कळवून टाकलं. त्यांनी जे सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत सांगते, कारण त्यांच्या शब्दांत ते फार थोडं होतं.

वडील युद्धात गेले हे खरं. आई गेली नव्हती. आई सैनिकी तळावर कपडे धुवायची, आणि सात-आठ वर्षांची ही मुलगी तिथल्या क्लबमध्ये बियरच्या खोक्यावर उभी राहून इंग्रजी गाणी म्हणायची. अर्थ एका शब्दाचा माहीत नसायचा. एकदा खोकं हललं, ती पडली आणि भुवई फुटली. बॉम्बशी त्या व्रणाचा काही संबंध नव्हता. पंधराव्या वर्षी रेकॉर्ड निघाली, ती बरी चालली. मग सिनेमा कंपनीनं बोलावलं. करार करायच्या दिवशी प्रसिद्धी बघणारा माणूस म्हणाला, मुलगी अनाथ हवी. अर्ध्या अनाथाला लोक अर्धंच रडतात.

मुलीला वाटलं, आई उठून निघून जाईल. आईनं विचारलं, मग मी कुठे राहू? तो माणूस म्हणाला, घरात मोलकरीण लागेलच.

"आईनं माझ्या आधी होकार दिला," मावशी म्हणाल्या. "तिला वाटलं, निदान जवळ तरी राहता येईल."

कंपनीनं घर दिलं. पुढच्या बाजूला मुलीची खोली, स्वयंपाकघराच्या मागे आईची. पत्रकार आले की आई खाली मान घालून चहा आणायची आणि पोटच्या मुलीला बाईसाहेब म्हणायची. आधी फक्त पाहुण्यांसमोर. मग कंपनीची माणसं केव्हाही येऊ लागली, ड्रायव्हर, केस करणारी, शिवणारी, आणि चूक होऊ नये म्हणून दोघीच असतानाही आई बाईसाहेबच म्हणू लागली. देशभरातून बायका पार्सलं पाठवायच्या. हातानं विणलेले स्वेटर, पायमोजे, लोणच्याच्या बरण्या. सोबत निरोप, मला आई समज. ती पार्सलं दारात घ्यायची आई. उघडायची आई. जे स्वेटर मुलीला मोठे व्हायचे, ते आई स्वतः घालायची.

हे ऐकताना माझ्या हातातला चहा गार झाला. मी मधेच विचारलं, तुम्हाला राग नाही यायचा? त्या म्हणाल्या, आम्ही दोघी उपाशी राहिलेल्या होतो, पोटभर भात मिळत असताना राग आठवत नाही. मग म्हणाल्या, नंतर आला.

आम्ही बघितला त्या सिनेमाच्या वेळची गोष्ट. बाजारातल्या गाण्याचं शूटिंग होतं. टोफू विकणाऱ्या बाईचं काम करणारी आली नाही. आई डबा घेऊन आली होती. कॅमेरामन म्हातारा होता, त्याला बहुतेक सगळं कळून चुकलं होतं, पण तो कधी बोलला नव्हता. तो म्हणाला, हिलाच एप्रन बांधा. आईनं फक्त पाण्यातून टोफूची वडी काढून द्यायची होती. गाणं चालू झालं, मुलगी गात गात तिच्यापाशी आली, आणि आईनं वडी देताना ठरलेलं नव्हतं असं काहीतरी केलं. नक्की काय, ते मावशींनी मला सांगितलं नाही. म्हणाल्या, ते बघायचं असतं. दिग्दर्शक खूश झाला. प्रसिद्धीवाला मात्र तावातावानं आला आणि हे कापाच म्हणाला.

तो सिनेमा लागायच्या आधीच आई गेली. स्वयंपाकघरात पडली, आणि मुलगी तेव्हा दुसऱ्या शूटिंगला दूर डोंगरात. परत आली तोवर कंपनीनं सगळी व्यवस्था करून ठेवली होती. अंत्यसंस्कार मोलकरणीचे. आईच्या गावाहून एक लांबचा चुलतभाऊ आणवून त्याला घरचा माणूस म्हणून पुढे बसवलं होतं. त्यांच्यातही आपल्यासारखंच दहनानंतर घरचे लोक अस्थी वेचतात, काड्यांनी उचलून कलशात ठेवतात. तो चुलतभाऊ आत गेला. मुलीला बाहेर फोटोग्राफरांसमोर उभं केलं, मालकीण म्हणून.

"दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता," मावशी म्हणाल्या. "खाली लिहिलं होतं, मोलकरणीसाठीही जी रडते अशी आमची गुणी मुलगी. लोकांनी फार कौतुक केलं."

आपल्याकडे अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो, अरेरे म्हणतो. त्यातलं एकही तोंडातून निघेना. मावशी मात्र भेंड्या परत पुसायला लागल्या होत्या.

त्यानंतर त्यांनी हातातला एक सिनेमा पुरा केला आणि कामच सोडलं. तळावर काम करणाऱ्या एका अमेरिकन इंजिनियरला त्यांनी स्वतःच विचारलं, मला तुमच्या देशात न्याल का. तो भला माणूस होता. त्या आधी गायच्या, एवढंच त्याला माहीत होतं. टेक्ससला आल्यावर त्या कधी गायल्या नाहीत. तो सिनेमाही कधी बघितला नाही.

मी म्हणाले, हल्ली सगळं इंटरनेटवर मिळतं, कधी शोधलं नाहीत? त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी नको ते बोलले हे मला लगेच कळलं.

"कापलेलं निघालं असतं तर?" त्या म्हणाल्या. "तिचा एकही फोटो माझ्याकडे नाही. मोलकरणीचे फोटो कोण काढतं? बघितलं नाही तोवर ती तिथे असू शकते."

म्युझियममध्ये तो सिनेमा पुढच्या रविवारी परत लागणार होता. मी सांगितलं, आग्रह केला नाही. आठवडाभर त्या विषय काढेनात. मी रोज कुंपणाशी जात होते, त्या रोज उन्हाबद्दल बोलत होत्या. त्या आठवड्यात मला घरात कशात रस वाटेना. मुलगी म्हणाली, मी आधी इंटरनेटवर शोधून बघू का, कुठल्या तरी ऑफिसला फोन करून विचारू का. मी नको म्हटलं. ते त्यांनी ठरवायचं होतं.

रविवारी दुपारी त्या करड्या रंगाचा ड्रेस घालून आमच्या ड्राइव्हवेत येऊन उभ्या राहिल्या. मुलगी मागे बसली, त्या पुढे. हायवे फिफ्टी नाइनवर ट्रॅफिक होता.

हॉलमध्ये त्यांनी कडेची खुर्ची घेतली. उठून जाता यावं म्हणून, असं मला वाटलं. तोच तरुण पुढे आला आणि तेच बोलला. बाप समुद्रावर, आई बॉम्बहल्ल्यात. मी चोरून मावशींकडे बघितलं. त्या लक्षपूर्वक ऐकत होत्या, जणू दुसऱ्याच कुणाची माहिती आहे.

सिनेमा सुरू झाला. स्वतःचा तरुण चेहरा पडद्यावर आला तेव्हा त्यांच्यात काहीही हललं नाही. अर्धा सिनेमा गेला. मग बाजार आला. गाण्याची सुरुवात झाली. या वेळी मी गाणारीकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. मासे गेले, मुळ्यांच्या जुड्या गेल्या, एक सायकलवाला गेला. मी मनात म्हणत होते, कापलंय, कापलंय ते. आणि मग उजवीकडून एक लाकडी टब आला.

त्यामागे एक बुटकी बाई. कोपरापर्यंत ओले हात. तिनं पाण्यातून पांढरी वडी काढली, पुढे केली, आणि गाणाऱ्या मुलीच्या कपाळावरचा घाम तिला दिसला. बोटं ओली, म्हणून तिनं मनगटाच्या मागच्या बाजूनं तो पुसला. झटक्यात, थोडासा रागानंच, जसा आपण आपल्या पोराचा पुसतो. मुलीचा एक स्वर तिथे तुटला. मग कॅमेरा पुढे गेला.

एवढंच होतं. पापणी लवली असती तर हुकलं असतं. मागच्या रविवारी माझं हुकलंच होतं.

मावशी बोलल्या ते त्याच क्षणी. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक मारावी तशा, ना मोठ्यानं ना हळू, त्या म्हणाल्या, "ओकासान." पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. जपानी न येणाऱ्या मलाही तो शब्द कळला. त्यांचा हात धरावा असं वाटलं, पण त्यांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून धरले होते आणि त्या पडद्याकडे बघत होत्या, जिथे आता दुसरीच माणसं आगगाडीत बसत होती.

दिवे लागल्यावर मला वाटलं, आता त्या पटकन निघतील. मी पर्सही उचलली. पण त्या उठल्या आणि सरळ पुढे, त्या तरुणापाशी गेल्या. आम्ही मागोमाग.

"तुम्ही म्हणालात, तिची आई बॉम्बहल्ल्यात गेली," मावशी म्हणाल्या. "ते चूक आहे. टोफू विकत होती ती तिची आई."

तो सौजन्यानं हसला. अशा हॉलमध्ये काहीबाही सांगणारे म्हातारे लोक त्याला नेहमी भेटत असणार. त्यानं विचारलं, तुम्हाला हे कुठून कळलं? मावशींनी नुसतं तोंड वर केलं, दिव्याकडे. त्यानं आधी डोळ्यांत बघितलं. मग भुवईकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलेलं मी समोर उभी राहून बघितलं. तो मागे सरकला आणि स्टेजच्या पायरीवर बसला. "ओह," तो म्हणाला.

त्यानं पुढे बरंच काही विचारलं. मुलाखत द्याल का, जपानला कळवू का, लोक अजून तुमची गाणी ऐकतात. मावशी म्हणाल्या, मुलाखत नको, गाणं तर नकोच. पुढच्या वेळी सिनेमा दाखवाल तेव्हा आधी तिचं नाव सांगा. त्यानं फोन काढला आणि टाइप करायला तयार झाला. मावशींनी आईचं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. मग त्याला ते वाचून दाखवायला लावलं. त्याचा उच्चार चुकला. परत म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

गाडीत बसल्यावर मी एसी मोठा केला, तोच मावशी बोलू लागल्या. आई कोळणींशी कशी भांडायची. साबण किती कंजूषपणे वापरायची. झोपेत घोरायची, आणि घोरते म्हटलं की दिवसभर बोलायची नाही. अमेरिकन शिपायांना ती मागून कोणकोणती नावं ठेवायची. एका नावाचा अर्थ त्यांनी इंग्रजीत सांगितला तेव्हा मागच्या सीटवरची माझी मुलगी फस्सकन हसली, आणि मावशीही हसल्या. मी रस्त्याकडे बघतेय असं मला वाटत होतं, पण आमची एक्झिट मी चुकवली. पुढचीही चुकवली. मावशींच्या ते लक्षात आलं, कारण त्यांनी बाजूच्या खिडकीतून पाटी जाताना बघितली. पण त्या थांबल्या नाहीत. आई पावसात छत्री कशी उलटी धरायची, ते त्या आम्हाला हात वर करून दाखवत होत्या.